विचारून सांगतो

मागच्या आठवड्यात एक बाई माझ्या स्टुडिओत आल्या. फोटो काढायचा असेल म्हणून मी स्टूल पुढे केलं, तर त्या उभ्याच राहिल्या.

"फोटो नको. शेजारचे भाई कुठे बसतात आता?"

भाई आता नाहीत, असं मी सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. त्यांची मुलगी शिकायला पोलंडला निघाली होती आणि तिकडे नारळ मिळतो का, हे त्यांना विचारायचं होतं. मोबाइलवर बघितलंत का, असं मी म्हटलं.

"बघितलं ना. मिळतो म्हणतात. पण कसला मिळतो, ओला असतो का, खवता येतो का, ते कोण सांगणार?"

त्या गेल्यावर मी बराच वेळ हमीदभाईंचाच विचार करत बसले.

खेडच्या एसटी स्टँडाजवळ माझा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. शेजारच्या गाळ्यात हमीदभाईंचं तिकिटांचं ऑफिस होतं. विमानाची तिकिटं, व्हिसाची कागदपत्रं, मक्केला उमऱ्यासाठी जाणारे गट, कधीमधी एखादी युरोपची सहल. लोक आधी माझ्याकडे फोटो काढायचे आणि मग त्यांच्याकडे जायचे, किंवा उलटं. आमच्या दोघांच्या मधे प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं.

ऐकू येण्याचं दुसरंही कारण होतं. हमीदभाईंचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता आणि उजवाही अर्धामुर्धाच होता. त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर. जगात कुठेही फोन लावला की पलीकडचा आवाज माझ्या स्टुडिओत यायचा. मी कुणाची तरी मान सरळ करत असायचे, "हनुवटी जरा खाली" म्हणत असायचे, आणि भिंतीपलीकडून नैरोबीतला कोणीतरी माणूस मटणाचा भाव सांगत असायचा.

भाई मूळचे अंजनवेलचे. उंच, थोडे पोक काढून चालणारे, टोपी मागे सरकलेली, खिशात लवंगा. बोलताना मधेच एक लवंग दाढेखाली धरायचे आणि मग पुढचं वाक्य जरा तोंडातल्या तोंडात यायचं. गिऱ्हाइकाची खुर्ची त्यांनी टेबलासमोर ठेवलीच नव्हती. ती दारात, रस्त्याकडे तोंड करून असायची, आणि भाई स्वतः तिच्या शेजारी स्टुलावर बसायचे. "समोरासमोर बसलं की माणसाला साहेबाकडे आल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे, "मग तो खरा प्रश्न विचारत नाय. तारीख विचारतो, भाडं विचारतो आणि जातो."

खरा प्रश्न म्हणजे काय, ते मला तिथे बसूनच कळलं. तिकीट काढून झालं, पाकीट पिशवीत गेलं, माणूस उठला, पायरी उतरला, की तिथून मागे वळून तो विचारायचा. "भाई, तिकडं नळाचं पाणी पितात ना?" "भाई, आमच्या आईला कमोड जमत नाय, तिकडं दुसरं काही असतं का?" "भाई, रस्त्यात कोणी भेटलं तर हसायचं असतं की नाय?" ह्या प्रश्नांसाठीच भाई वाट बघत असल्यासारखे असायचे. ते लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी उलट विचारायचे, "जाणार कोण? वय काय? गुडघे कसे हायेत?" गुडघ्यांची चौकशी प्रत्येकाची व्हायची. विशीतल्या पोरालाही ते विचारायचे आणि पोरगं गोंधळून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघायचं.

आणि मग म्हणायचे, "पक्कं नाय. विचारून सांगतो."

हे वाक्य इतकं ठरलेलं होतं की बाजारात त्यांचं नावच पडलं होतं, विचारूनभाई. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

विचारायचे कुणाला, तर तिथल्या आपल्या माणसाला. आमच्या जिल्ह्यातला माणूस कुठे नाही? कुणी दोहाला गाडी चालवतं, कुणी केपटाऊनला पणजोबांपासून स्थायिक, कुणी इंग्लंडमधे म्हाताऱ्यांची सेवा करतं, कुणाची बायको न्यूझीलंडला दाताची डॉक्टर. भाईंना हे सगळे ठाऊक. मुसलमान, कुणबी, ब्राह्मण, भंडारी, त्यांना फरक नव्हता. खेड, दापोली, गुहागर, चिपळूण इकडचा असला की झालं. फोन लागला की आधी गावाकडची खबर द्यायची, कुणाचं लग्न, कुणाचं घर शाकारलं, जगबुडी नदीला पाणी किती, आणि मग हळूच मुद्द्यावर यायचं. "आता सांग. तुमच्या इथं नळाचं पाणी तू स्वतः पितोस का?"

शेवटी एक मागणी ठरलेली. "जरा फोन खिडकीबाहेर धर."

पलीकडचा माणूस हसायचा, पण धरायचा. मग भाई उजवा कान फोनजवळ नेऊन डोळे मिटायचे. आमच्या दोन्ही गाळ्यांत कुठल्या तरी परक्या गल्लीचा आवाज भरून जायचा. गाड्या, कुत्री, कुणाचं तरी अनोळखी भाषेतलं भांडण. थोड्या वेळाने भाई म्हणायचे, "बस. झालं," आणि फोन ठेवायचे. ह्यातून त्यांना काय मिळतं, हे मी एकदा विचारलं. म्हणाले, "काय नाय गो बाय. बरं वाटतं. आत्ता ह्या घडीला तिकडं पण कोणतरी हॉर्न मारतंय."

ते स्वतः परदेशी एकदाच गेले होते, तरुणपणी, कुवेतला. त्यांची बहीण आजारी पडली आणि ते परत आले ते आलेच. तिथल्या दिवसांबद्दल फारसं बोलत नसत. एवढंच एकदा सांगितलं की, वाळवंट म्हणजे उकाडा असं धरून ते दोन पातळ शर्ट घेऊन थंडीच्या दिवसांत तिथे उतरले. पहाटे कामाला जाताना दात वाजायचे. गावातली अर्धी घरं तिकडे जाऊन आलेली, पण एकानेही सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. "विचारलं तर हसतील असं वाटलं," ते म्हणाले. "वाळवंटात थंडी असते काय, असं कोण विचारणार? मग कुडकुडलो."

म्हणूनच बहुधा त्यांच्या ऑफिसात कुठल्याही प्रश्नाला हसायची बंदी होती. मी एकदा भिंतीपलीकडून फिसकन हसले, तेव्हा ते उठून माझ्या दारात आले आणि नुसते उभे राहिले. मी परत हसले नाही.

तो प्रश्न मालतीताईंचा होता. मालतीताई शाळेतून निवृत्त झालेल्या, विधवा, देवाधर्माच्या पण हौशी. चार मैत्रिणींबरोबर नॉर्वेला निघाल्या होत्या, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही तिथे. तिकीट झालं, कपड्यांचं बोलणं झालं, गुडघ्यांचं झालं. उठता उठता त्या म्हणाल्या, "हमीदभाई, सूर्य मावळलाच नाही तर मी देवाजवळ दिवा कधी लावायचा? दिवा लावल्याशिवाय मी रात्रीचं जेवत नाही."

मी हसले ती इथे. भाई मात्र स्टुलावरच सावरून बसले.

"ताई, हा तर आमच्यातलाच प्रश्न हाय. तिकडं रमजान उन्हाळ्यात आला तर रोजा कधी सोडायचा? थांबा. तिथं जावेद हाय, हॉटेलात स्वयंपाकाला. दापोलीकडचा. विचारतो."

जावेदचा आवाज आला तेव्हा मागे भांडी आदळत होती. त्याने सांगितलं की आमच्याकडे उन्हाळ्यात मक्केची वेळ धरतात, घड्याळ बघायचं, आभाळ बघायचं नाही. मालतीताईंनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असं असेल तर मी खेडची वेळ धरते."

"धरा की," जावेद म्हणाला. "फक्त खोलीत खरा दिवा लावू नका, मावशी. धूर झाला की घंटा वाजते आणि अख्खं हॉटेल खाली रस्त्यावर येऊन उभं राहतं."

ताईंनी बॅटरीवरचा दिवा नेला. परत आल्यावर त्या भाईंना सांगायला आल्या होत्या. खेडला तिन्हीसांजा झाल्या की तिकडे भरदुपार. त्यामुळे रोज दुपारी, कधी बोटीत, कधी बसमधे, त्यांनी मांडीवर दिवा ठेवून हात जोडले. बसमधल्या एका जपानी बाईंनी चौथ्या दिवशी त्यांच्याबरोबर हात जोडले. भाईंनी विचारलं, "त्यांनी विचारलं नाय, हे काय म्हणून?" ताई म्हणाल्या, "विचारलं. मी सांगितलं, माझ्या घरी आत्ता संध्याकाळ झाली आहे." भाईंना हे इतकं आवडलं की पुढचे कित्येक दिवस ते येईल त्याला सांगत होते.

सगळेच प्रश्न असे सुखाचे नव्हते.

सुशांत नावाचा मुलगा खेडच्या आतल्या एका गावातला. हॉटेलचा कोर्स केलेला. त्याला थायलंडमधे मोठ्या हॉटेलात नोकरी लागली होती. तिकीट मुंबईच्या कुठल्याशा एजंटने पाठवलेलं होतं, त्यामुळे भाईंकडे त्यांचं काही काम नव्हतं. फोटो माझ्याकडे काढला आणि त्याची आई म्हणाली, "शेजारी ते भाई सांगतात ना? जरा विचारून येऊ." सुशांत कंटाळलेला, पण आला.

आई खुर्चीवर बसली. तिचा प्रश्न साधा होता. तिकडं भात मिळतो ना? तिच्या पोराला चपातीवर भागत नसे.

"भात मिळतो, एवढं मलाही माहीत हाय," भाई म्हणाले. "पण गाव कुठलं? गावोगाव फरक असतो." सुशांतने गावाचं नाव सांगितलं. भाईंनी बँकॉकला रऊफला फोन लावला. रऊफ तिकडे कापडाच्या दुकानात होता. घरची खबर झाली आणि मग भाईंनी गावाचं नाव सांगून विचारलं, "तिथं जेवणखाण कसं हाय रे?"

रऊफने उलट विचारलं, "तिकडं कोण चाललंय, भाई?"

"आपल्या खेडचा पोरगा हाय. हॉटेलात नोकरीला."

"तिथं कसलं हॉटेल? ते सरहद्दीवरचं गाव आहे. तिथून पोरांना नदीपार नेतात. पासपोर्ट काढून घेतात आणि फोनवरून लोकांना फसवायच्या कामाला बसवतात. सोडत नाहीत. त्याला येऊ देऊ नका."

फोन स्पीकरवर होता. आईने ऐकलं, सुशांतने ऐकलं, मी भिंतीपलीकडून ऐकलं. सुशांत ताडकन उठला. "ह्यांच्याकडून तिकीट घेतलं नाही म्हणून हे असं बोलतात," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. आई भाईंकडे बघत राहिली. भाईंनी तिला पाणी दिलं.

आईकडून हॉटेलचा पत्ता घेऊन भाईंनी रऊफला तिथे जाऊन यायला सांगितलं, आणि तो दुकानातून सुट्टी काढून खरंच गेला. तिथून त्याने फोन केला. बंद पडलेला पेट्रोल पंप आहे, मागे शेत आहे, हॉटेल नावाची वस्तू नाही. तरी सुशांत बॅग भरतच होता. आई परत आली. खुर्चीत बसून म्हणाली, "भाई, तो ऐकत नाय. काय करू?"

भाईंनी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर एसटीने गावाला गेले. तिथे काय झालं ते मला नंतर आईनेच सांगितलं. भाई अंगणात बसले. सुशांत आला, तरी त्याला समजावायला गेले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी खोटा असेन. तू त्या मुंबईच्या माणसाला फोन लाव आणि विचार, हॉटेलात दुपारच्या जेवणाला काय असतं, राहायच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं, आणि मुख्य आचाऱ्याचं नाव काय. मी मधे बोलणार नाय." सुशांतने लावला. पहिल्या प्रश्नाला तो माणूस हसला. दुसऱ्याला म्हणाला, जाशील तेव्हा बघशील. तिसऱ्याला त्याने शिवी दिली आणि विचारलं, तुला नोकरी पाहिजे का चौकशा पाहिजेत? सुशांतने फोन ठेवला आणि घरात जाऊन पडून राहिला.

तो गेला नाही. त्याच्याबरोबर निघालेला दुसऱ्या गावचा एक मुलगा गेला. तो कित्येक महिन्यांनी परत आला तेव्हा त्याच्या आईनेही त्याला चटकन ओळखलं नाही, असं म्हणतात. सुशांत पुढे चिपळूणला हॉटेलात लागला. आमच्या दुकानांवरून जाताना तो मान पलीकडे वळवायचा. मला राग यायचा. भाई म्हणायचे, "लाज वाटत असेल त्याला. वाटू दे. हाय ना इथं, दिसतोय ना." त्याची आई मात्र दर उन्हाळ्यात कुळथाचं पीठ घेऊन यायची आणि येऊन त्या खुर्चीत नुसती बसायची.

आता जैतूनखालांचं सांगते, कारण हमीदभाईंना गोंधळलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

जैतूनखाला अंजनवेलच्या, भाईंच्या दूरच्या नात्यातल्या मावशी. त्यांचे यजमान बोटीवर होते. खाला पस्तिशीतही नसतील तेव्हा ते बोटीवरच आजारी पडून वारले आणि वाटेतल्या एका बंदरात त्यांना दफन केलं. एक सोबती खलाशी महिन्यांनंतर घरी येऊन सांगून गेला. बंदराचं नाव त्याने सांगितलं ते खालांच्या लक्षात राहिलं 'मिंडला' असं. पुढे मुलं मोठी झाली, नातवंडं आखातात गेली. एका नातवाच्या व्हिसाच्या कामासाठी त्या खेडला आल्या होत्या. काम झालं, पायरीपर्यंत गेल्या, आणि तिथून म्हणाल्या, "हमीद, तुझे खालू जिथं हायत, तिथं पाऊस पडतो का रे?"

भाई म्हणाले, "विचारून सांगतो, खाला."

आधी ते मिंडला कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. भाई दर शुक्रवारी नमाजाला गावी जायचे, तेव्हा दाभोळ-अंजनवेलच्या म्हाताऱ्या खलाशांना विचारत राहिले. शेवटी एका जुन्या सारंगाने, बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाने, सांगितलं की ते मिंडेलो असणार, आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात केप व्हर्दी नावाची बेटं आहेत तिथलं. कोळसा-पाण्यासाठी पूर्वीपासून बोटी थांबायच्या.

आता तिथे आपला माणूस पाहिजे. आणि तिथे आपला माणूस नव्हता. भाईंच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं आणि ते त्यांना पटतच नव्हतं. मी मोबाइलवर बघून सांगितलं, "भाई, कोरडी बेटं आहेत, पाऊस जवळजवळ नाही." ते म्हणाले, "बेटाचं झालं. कबरीचं काय? डोंगराच्या कुठल्या अंगाला हाय? एखाद्या बाजूला पडत असेल." मला वाटलं, पडत असावा अशी त्यांचीच इच्छा आहे.

तिथे पोर्तुगीज बोलतात. मग गोव्याचे फ्रान्सिस सापडले, बोटीवरून निवृत्त झालेले, वास्कोला राहणारे. त्यांनी मिंडेलोतल्या एका बेकरीचा फोन मिळवला आणि तिथल्या बाईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती फोन ठेवून देईल. पण तिचा भाऊही बोटीवर होता. रविवारी चर्चवरून येताना ती कब्रस्तानात जाऊन आली. रखवालदाराने तिला मागच्या भिंतीकडचा एक कोपरा दाखवला, जिथे परक्या देशांतले, दुसऱ्या धर्माचे खलाशी पुरले होते. नावं नव्हती. कोणती कबर कुणाची ते सांगता येत नव्हतं. जमीन तांबूस, खडकाळ, वारा सतत. पाऊस वर्षातून थोडेसे दिवस, आणि एखाद्या वर्षी अजिबात नाही.

फ्रान्सिस हे सगळं सांगत होते तेव्हा भाईंनी लवंग चावायचंही सोडलं होतं. फोन ठेवल्यावर ते माझ्या स्टुडिओत येऊन स्टुलावर बसले, जिथे गिऱ्हाईक बसतं तिथे.

"काय सांगू गो तिला?" ते म्हणाले. "आपल्याकडे कबरीवर पावसात गवत येतं, हिरवं होतं. तिच्या मनात तेच असणार. तिथं दगड हाय नुसता."

"पडतो म्हणून सांगा," मी म्हटलं. "ती काय बघायला जाणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून आपल्या गाळ्यात गेले.

त्या शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर अंजनवेलला गेले. मला खाडीचे फोटो हवे होते आणि खरं सांगायचं तर ते काय सांगतात हे ऐकायचंही होतं. खालांचं घर गोपाळगडाच्या वाटेवर, चिऱ्याचं, पुढे पडवी. त्यांनी चहा आणि तांदळाच्या गोड सांदणाच्या वड्या पुढे केल्या. भाईंनी वडी हातात धरली ती धरलीच.

"खाला, ते विचारलं होतंत ना."

"हां."

"जागा मिळाली. एक बाई जाऊन आली. खालूंची नेमकी कबर कुठली ते कळत नाय. पण कोपरा हाय, चार भिंतींच्या आत. स्वच्छ हाय." भाई थांबले. मग खाली बघत म्हणाले, "पाऊस नाय पडत, खाला. जवळजवळ नाहीच."

खालांनी हातातली कपबशी खाली ठेवली. शेजारच्या टेकडीवर वीज प्रकल्पाच्या चिमण्या उन्हात होत्या. मग त्यांनी विचारलं, "जमीन सुकी हाय?"

"सुकी हाय. वारा असतो खूप."

"अल्ला," खाला म्हणाल्या आणि त्यांनी पदराने तोंड पुसलं. "बरं झालं. त्यांना दमा व्हता रे, हमीद. पावसाळा आला की रात्र रात्र बसून काढायचे. छातीत नुसती घरघर. भिंतीला ओल आली की आणखी वाढायचं. मी शेगडी घेऊन बसायचे त्यांच्यापाशी. इतकी वर्षं पाऊस लागला की माझ्या मनात तेच यायचं, आता तिकडं ओलीत कसे असतील."

भाईंनी वडी ताटलीत परत ठेवली. खाला म्हणाल्या, "खा रे. वारा हाय म्हणतोस ना? वारा त्यांना मानवायचा."

परतताना एसटीत ते माझ्या पुढच्या सीटवर होते. गुहागरचा फाटा गेल्यावर मागे वळून म्हणाले, "पडतो म्हणून सांगितलं असतं तर?" आणि पुन्हा पुढे वळले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्यांचा उजवा कानही गेला. चिपळूणच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. त्यात त्यांना नुसती सूं सूं ऐकू यायची, म्हणून ते मशीन खिशात लवंगांबरोबर राहायचं. लोक प्रश्न कागदावर किंवा मोबाइलवर लिहून दाखवायचे आणि तिकडची उत्तरंही मोबाइलवर लिहून यायची. काम अडत नव्हतं. पण भाई फोन लावायचे नाहीत आता.

एके दिवशी मात्र त्यांनी लावला. त्यांच्या मुलीची मैत्रीण लिस्बनला गेली होती, तिला काहीतरी विचारायचं होतं. ते मी त्यांच्या वतीने विचारलं आणि लिहून दाखवलं. फोन ठेवणार इतक्यात सवयीने ते मोठ्याने म्हणाले, "जरा फोन खिडकीबाहेर धर." पलीकडून तिने धरला. स्पीकरमधून आवाज येऊ लागला. भाई कान पुढे करून बसले, डोळे मिटले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"तू ऐक. आणि सांग."

मी ऐकून मोठ्या अक्षरांत लिहीत गेले. ट्रामची घंटा. लहान मूल रडतंय. कुणीतरी चमच्याने भांडं खरवडतंय. वरच्या मजल्यावरून एक बाई ओरडते आहे, खालून पुरुष काहीतरी उत्तर देतोय. ते वाचत होते. "काय ओरडते?" त्यांनी विचारलं. मी लिहिलं, कळत नाही. "रागाने की असंच?" मी परत ऐकलं आणि लिहिलं, असंच, बहुतेक बाजारातून काहीतरी आणायला सांगते आहे. भाईंच्या चेहऱ्यावर समाधान आलं. "बस," ते म्हणाले.

पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी ऑफिस बंद केलं आणि मुलीकडे गुहागरला राहायला गेले. निरोपाचं असं काही झालं नाही. खुर्ची त्यांनी समोरच्या चहावाल्याला दिली. वर्षभरातच ते गेल्याचा निरोप आला. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं मुलीने फोनवर सांगितलं.

ते गुहागरला गेल्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. एका लग्नाचे फोटो काढायला गुहागरला गेले होते. काम संपल्यावर एसटीला वेळ होता म्हणून सुरूच्या बनातून समुद्रावर उतरले. ओहोटी होती. लांब, ओल्या वाळूवर दोन सायकली आडव्या पडलेल्या, सामानाने लादलेल्या. त्यांच्याजवळ एक गोरी म्हातारी बाई आणि तिचा नवरा उकिडवे बसले होते, आणि त्यांच्या मधे वाकलेले हमीदभाई, टोपी मागे सरकलेली, लुंगी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. हातात सुरूची काटकी. तिघांत एकही भाषा समान नसावी आणि भाईंना तर काही ऐकूच येत नव्हतं. ते वाळूत काहीतरी काढत होते, बहुधा घर, मग बाईकडे काटकी देत होते. बाई काढायची. नवरा वाकून त्यात भर घालायचा. मग भाई बोट ठेवून काहीतरी विचारायचे आणि ते दोघं एकमेकांकडे बघून हसायचे, पुन्हा काढायचे.

मी हाक मारणार होते, पण ती त्यांना ऐकू गेली नसती. जवळ जायला निघाले, तेवढ्यात बाईने काहीतरी मोठं काढायला घेतलं, बहुधा त्या घरापासून इथपर्यंतचा रस्ता. ती उभी राहून मागे मागे सरकत रेघ ओढत गेली आणि भाई तिच्याबरोबर त्या रेघेच्या कडेने चालू लागले, वाकून, एक हात गुडघ्यावर ठेवून, रेघ कुठे जाते ते बघत. बरंच लांब गेले.

माझ्या एसटीची वेळ झाली होती. मी वळले तेव्हा ते अजून चालतच होते.